बोगद्यातली बैठक

कडूबाईच्या आधी तिच्या आईची लेकरं पाळण्यातच जायची. म्हणून ही जन्मली तेव्हा आजीनं नावच कडू ठेवलं. काळानं तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं, या हिशेबानं. काळानं खरंच हात लावला नाही. पण नावातला कडवटपणा थोडा जिभेवर उतरला, असं सावरदऱ्यातली माणसं म्हणतात, आणि म्हणण्याआधी ती आसपास नाही ना, हे बघून घेतात.

सावरदरा मांजरसुंब्याच्या पुढं, बालाघाटाच्या उतारावर आहे. वर शेतकऱ्यांचं गावठाण, खाली धनगरवस्ती आणि दोन्हींच्या मधून रस्ता. कडूबाई लग्न होऊन वस्तीवर आली खरी, पण वस्तीवर राहिली कमीच. दिवाळी झाली की नवरा सटवा मेंढरं घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीला उतरायचा आणि मिरगाच्या तोंडावर परतायचा. कडूबाई त्याच्या मागं, सगळा संसार घोड्याच्या पाठीवर. दिवसभर चालायचं आणि दिवस कलला की कुणाच्या तरी मोकळ्या रानात मुक्काम टाकायचा. या मुक्कामाला धनगर वाडा म्हणतात. त्याला ना भिंत, ना छप्पर. मेंढरं कुठं बसवायची ते बापे ठरवायचे. पण चूल कुठं मांडायची, लेकरं कुठं निजवायची, अवचित पाऊस आला तर पाणी कुठून धावत येईल, वाटेनं कुणी येत असेल तर ते लांबूनच कसं दिसेल, हे सगळं बाईनं बघायचं. कडूबाई रानात एक फेरी मारायची, टाचेनं माती उकरायची आणि म्हणायची, "हितं." सटवानं त्यावर कधी हुज्जत घातली नाही.

पुढं गुडघे बोलायला लागले तेव्हा ती वस्तीवर थांबली. मेंढरांमागं सटवा आणि लेक जायला लागले. तिच्या वाट्याला शेळ्या आल्या.

त्याच सुमारास रस्ता चौपदरी व्हायला लागला. जुन्या रस्त्याच्या कडेला, अगदी गावाच्या काळजात, एक वड होता आणि वडाला दगडी पार होता. पारावर गावची माणसं बसायची, नाथाच्या टपरीवरचा चहा प्यायची, सोयरिकी जुळवायची, भांडणं तोडायची, येत्या निवडणुकीत कुणाला पाडायचं ते ठरवायची. रुंदीकरणात वड गेला, पार गेला, नाथाची टपरीही गेली. करवत फिरली त्या दिवशी म्हातारी माणसं उपरण्यानं डोळे पुसत उभी होती. कडूबाईही शेळ्या घेऊन लांब उभी होती. तिच्या डोळ्यांत काही टिपूस आलं नाही, आणि याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

नवा रस्ता घराएवढ्या उंच भरावावरून गेला. गावठाण आणि शाळा अलीकडं, वस्ती पलीकडं. ये-जा करायला भरावाच्या पोटातून एक चौकोनी, सिमेंटचा बोगदा ठेवला. ट्रॅक्टर आरामात जाईल एवढा ऐसपैस. पण त्याची जमीन आजूबाजूच्या रानापेक्षा खोल, त्यामुळं वरच्या शिवारातलं पाणी थेट आत यायचं आणि तिथंच मुरत बसायचं. आत अंधार, कुबट वास, भिंतीला टेकून पत्ते कुटणारी आणि बाटल्या रिचवणारी टोळकी. वस्तीवरच्या पोरी शाळेला जाताना बोगदा टाळायच्या. दप्तर पाठीला आवळून भराव चढायच्या, भरधाव गाड्यांमधून पळत दुभाजक ओलांडायच्या. आया रोज रागवायच्या आणि स्वतःही तसंच जायच्या.

एका हिवाळ्यात कडूबाईच्या थोरल्या जावेला, छबुबाईला, वरच्या रस्त्यावर मोटारसायकलनं उडवलं. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. बीडला दवाखान्यात सळई घातली. घरी आणल्यावर कडूबाई तिच्या उशाशी बसली आणि तिनं विचारलं,

"खाली बोगदा असताना वर कावून गेलतीस गं बाई?"

छबुबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग म्हणाली, "बोगद्यात भ्या वाटतं. तिथं बसलेले लोक काई बोलत न्हाईत गं, नुसतं बघत्यात. त्यापरीस ट्रक परवडला."

कडूबाईला हे बोलणं सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेळ्या घेऊन सरळ बोगद्यात शिरली. सोबत वस्तीवरचा सगळ्यात माजलेला बोकड घेतला. माजावरच्या बोकडाचा वास कसा असतो, ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक. शेळ्या पसरल्या, बोकड पत्त्यांच्या डावाजवळ जाऊन उभा राहिला आणि कडूबाई भिंतीला पाठ लावून लोकर कातत बसली.

शहादेव म्हणून एक गडी त्या टोळक्याचा म्होरक्या होता. त्यानं नाक दाबून विचारलं, "कडूबाई, ही काय शेळ्या बसवायची जागा हाय का?"

"मग पत्ते कुटायची हाय का? शेळी दूध तरी देती. तू काय देतूस?"

"ए, चला बे," म्हणत शहादेव उठला. दोन-चार दिवस टोळकं परत परत येऊन बघत राहिलं. बोकडही रोज हजर. शेवटी त्यांनीच दुसरा आडोसा शोधला.

उन्हाळा लागला तशी एक गोष्ट कडूबाईच्या ध्यानात आली. बाहेर रान भाजून निघत असलं तरी बोगद्यात वारा खेळायचा. भरावानं अडवलेला सगळा वारा त्या एका भोकातून निघायला धडपडायचा. ती छबुबाईला कुबडीच्या आधारानं तिथं घेऊन आली. मग वस्तीवरच्या बाया दुपारच्या वेळी वाकळा शिवायला, शेंगा फोडायला येऊन बसू लागल्या. एक दिवस नाथा चहाचा स्टोव्ह घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "मावशे, कोपऱ्यात मांडू का?" पार गेल्यापासून बिचारा घरी बसून होता. नाथाच्या मागं चहा पिणारे आले, त्यांच्या मागं वर्तमानपत्र आलं. पोरी बोगद्यातून शाळेला जाऊ लागल्या. कडूबाई बसलेली दिसली की त्यांची पावलं निवांत पडायची.

पण पाऊस लागला आणि सगळ्यावर पाणी पडलं. वरून आलेलं पाणी आणि खाली शेळ्यांच्या लेंड्या यांचा पाय घोट्यापर्यंत रुतेल असा चिखल झाला. नाथानं स्टोव्ह उचलला. पोरी पुन्हा भराव चढू लागल्या. गावठाणातली माणसं म्हणाली, "कडूबाईनं बोगद्याचा गोठा केला." हे बोलणं तिला लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

गावचे सरपंच आप्पाराव. शे-दीडशे एकरांचे नसले तरी गावात ज्यांचा शब्द खाली पडत नाही असे. बोगद्याच्या वरच्या अंगाला त्यांचंच रान. पार गेल्याचं दुःख त्यांच्याइतकं कुणालाच झालं नव्हतं. तो पार त्यांच्या आज्यानं बांधला होता. तेव्हा या बोगद्याचं आता सुशोभीकरण करायचं, असं त्यांनी जाहीर केलं. दोन्ही तोंडांना कमानी, त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव, रंगीत फरशा, स्टीलचे बाक, दारात सिमेंटची दोन हरणं आणि रात्री लावायला लोखंडी गेट. कमानीचं चित्र काढायला त्यांनी भाचीला बोलावलं.

भाची म्हणजे योगिता. कडा गावची. बाप साखर कारखान्यात कामाला. पोरगी पुण्यात शिकून तिथंच नोकरीला होती, आणि दिवाळीच्या सुट्टीला मामाकडं आली. आल्यावर तिनं कागद काही काढला नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ बोगद्यात येऊन उभी राहायची. पाणी ओसरलं होतं, कडूबाई परत शेळ्या घेऊन बसू लागली होती. न राहवून तिनंच विचारलं,

"तू शिकलीस ते काय? घरं बांधतीस का झाडं लावतीस?"

योगिता तिच्या शेजारी खाली बसली. "दोन्हीच्या मधलं, मावशी. घरं आणि झाडं सोडून जी जागा उरते ना, तिथं माणसानं कसं जावं, कुठं थांबावं, कुणाशी बोलावं, त्याची आखणी."

"त्याला आखणी लागती व्हय? माणूस जातंयच की."

"तुमच्या जाऊबाई कुठून जात होत्या?"

कडूबाईनं लोकर कातायची चाती थांबवली. पोरगी वाटते तितकी कच्ची नाही, हे तिनं ओळखलं.

त्यानंतर दोघींचं जमलं. योगिता विचारायची आणि कडूबाई सांगायची. बाया बोगद्याच्या ऐन मध्यात का बसत नाहीत? कारण तिथं बसलं की दोन्हीकडून येणारा अंगावर आल्यावरच दिसतो. म्हणून पाठीला भिंत पाहिजे आणि नजरेला वाट पाहिजे. योगितानं तिला एक गोष्ट दाखवली जी कडूबाईला रोज बसूनही दिसली नव्हती. वरचे जाणारे-येणारे रस्ते वेगवेगळे होते आणि त्यांच्या मधे एक फट होती. त्या फटीतून बोगद्याच्या मध्यभागी उन्हाचा पट्टा पडायचा.

"बसायची जागा तिथं केली तर?" योगिता म्हणाली. "भिंती पांढऱ्या केल्या तर तो उजेड दोन्ही तोंडांपर्यंत जाईल. मग मध्ये बसलेली बाई लांबूनच दिसेल, आणि तिलाही येणारा दिसेल."

कडूबाईनं वर बघितलं. फटीतून आभाळाची एक निळी चिंधी दिसत होती. "माय," ती एवढंच म्हणाली.

पण पुढं दोघींचं बिनसलं, आणि चांगलंच बिनसलं. शाळेच्या पटांगणात गाव जमवून योगितानं आपली आखणी मांडली. कमान नाही, हरणं नाहीत. भिंतीच्या कडेनं दगडी कट्टा, उजेडाच्या पट्ट्यात तो रुंद आणि काटकोनात वळवलेला, म्हणजे कुणाला समोरासमोर बसता येईल आणि कुणाला एकटंही बसता येईल. गेट नाही. आणि जनावरांना पलीकडच्या भिंतीलगत खालच्या पातळीवर वेगळी वाट. त्यांनी जावं-यावं, आत बसू नये. त्याच वाटेच्या कडेनं आत आलेलं पाणी काढायला नाली.

गेट नाही म्हटल्यावर आप्पाराव नाराज झाले, पण त्यांच्याआधी कडूबाई उठली. "गेट पायजेच. कुलूप नसलं तर पुन्यांदा दारुडे बसतील."

"मावशी, गेट लावलं तर पहाटेच्या एसटीला जाणारी बाई कुठून जाईल? परत वरूनच ना? आणि किल्ली कुणाकडं राहील? ज्याच्याकडं किल्ली, त्याची जागा."

"किल्ली मी ठिवते!"

माणसं हसली. कडूबाईला ते हसू झोंबलं. "आन् शेळ्या? ज्या शेळ्यांनी जागा मोकळी केली, त्यांनाच आता भाईर हाकलता व्हय? काम झालं आन् कडूबाई कडू झाली." एवढं बोलून ती पदर खोचून निघाली. मागून योगितानं हाक मारली, तिनं वळून बघितलं नाही.

त्यानंतर ती बोगद्याकडं फिरकली नाही. शेळ्या डोंगराकडं न्यायची. आपल्याबिगर कसं चालतंय ते बघू दे, असं तिच्या मनात होतं, आणि ती ते लपवतही नव्हती. छबुबाई समजूत घालायला आली तर तिच्यावरही डाफरली.

एक दिवस दुपार कलताना ती टेकाडावर शेळ्या चारत होती. तिथून बोगद्याचं वस्तीकडचं तोंड समोर दिसायचं. शाळा सुटली होती. तिला वाटलं, आता पोरी भराव चढणार. पोरी तर बोगद्यातून बाहेर आल्या. एक जण बोगद्यात ओरडून आवाज घुमवत होती, बाकीच्या हसत होत्या. कडूबाई तिथं नव्हती, बोकड नव्हता, कुणीच राखणीला नव्हतं. उन्हाळाभर त्या वाटेची त्यांना सवय झाली होती आणि भीती कधी गळून पडली ते त्यांनाही कळलं नव्हतं.

आधी कडूबाईला वाईट वाटलं. आपण नसलो तरी चालतंय, हे कुणाला आवडतं? ती तिथं दगडावर बसून राहिली. मग हळूहळू तिला वाटायला लागलं की अरे, हेच तर व्हायला पाहिजे होतं. राखण बसवावी लागते ती चोरीची जागा. आपण काही जन्मभर तिथं बसून राहणार नाही, आणि त्या पोरींना तर जन्मभर जायचंय.

संध्याकाळी ती आप्पारावांच्या वाड्यामागच्या दारी गेली. योगितानं सुट्टी वाढवून घेतली होती. ती बाहेर आली.

"गेट ऱ्हाऊ दे," कडूबाई म्हणाली. "शेळ्यांच्या वाटंचं बी पटलं. पर तुझी आखणी एका पावसात वाहून जाईल, सांगून ठिवते. तू पाणी आत आल्यावर त्याला नाली काढलीस. पाणी आतच येऊ द्यायचं नसतं, पोरी. वाडा बसवताना आमी आधी वरच्या अंगाला चर मारतो."

योगिताच्या चेहऱ्यावर एकदम हसू फुटलं. "मावशी, मला ते माहितीय. मीही आधी तसाच चर काढला होता कागदावर. पण तो मामांच्या रानातून जातो. मामा नाही म्हणाले, म्हणून नालीवर आले."

"असं व्हय," कडूबाई म्हणाली. "मग आप्पाशी बोलायला पायजे."

बोलायचा योग बोगद्यातच आला. नाथानं पुन्हा स्टोव्ह मांडला होता. आप्पाराव कमानीचं माप बघायला म्हणून आले आणि चहाला थांबले. गावठाणातली दोन-तीन म्हातारी माणसं तिथं होतीच. पार गेल्यापासून ती एकमेकांना फक्त लग्नात आणि मयताला भेटत होती. बोलता बोलता ऊस, पाणी, कुणाचा जावई कसा, असं सुरू झालं आणि आप्पाराव एका उपड्या घमेल्यावर टेकले. शेजारी छबुबाई पाय लांब करून बसली होती आणि तिच्या पलीकडं कडूबाई.

"आमचा पार गेला आन् गावाचा जीव गेला," आप्पाराव म्हणाले. "त्याच्या जागी शोभंल असं कायतरी पायजे. म्हणून कमान म्हणतो मी."

कडूबाई म्हणाली, "आप्पा, त्या पारावर मी कदी बसले न्हाई."

"तुला कुणी ना म्हणलं व्हतं का?"

"म्हणायची गरजच कुठं व्हती? पार आला की चपला हातात घ्यायच्या, पदर वढायचा आन् मातीकडं बघत निघून जायचं. आमी धनगराच्या बाया, आमचं जाऊ द्या. तुमची आई बी तशीच जायची. स्वतःच्या सासऱ्यानं बांधलेल्या पारासमोरून, भर उन्हाचं अनवाणी. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी."

 नाथानं स्टोव्ह बारीक केला.

"वड पडला तवा सगळं गाव रडलं," कडूबाईच पुढं बोलली. तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "मला रडू येईना. वाटलं, माझं काळीजच दगडाचं. लई दिवस मनाला खात व्हतं ते. आता कळतंय, जिथं कदी टेकले न्हाई त्याचं रडू कुठून येणार? हितं मात्र मी बसले. आज तुमी बी हितंच बसलाव, आन् मी काई उठले न्हाई. एवढी जागा पाण्यात घालू नका. कमान नसली तरी चालंल. एक चर जाऊ द्या तुमच्या रानातून."

आप्पारावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.  मग उठले आणि निघून गेले. गाव म्हणालं, झालं, कडूबाईनं सरपंचाला दुखावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर आप्पाराव स्वतः रानात उभे. भाचीला दोरी धरायला लावली होती आणि पांढरी फक्की मारून घेत होते. "बांधाच्या कडेनं काढा," ते सांगत होते, "आन् कोपऱ्यावर ट्रॅक्टर वळायला जागा ठिवा." चर त्यांच्या रानाच्या उशाकडून निघून खालच्या ओढ्याला मिळणार होता. एक पट्टा कायमचा जाणार होता, पण त्यांनी त्याचा पुन्हा शब्द काढला नाही. त्यांची पुढारकीही इथं कामी आली. महामार्गाच्या परवानगीसाठी चकरा मारायच्या, साहेबांना गाठायचं, एकच गोष्ट हसतमुखानं सात वेळा सांगायची, हे कडूबाईला जमलं नसतं आणि योगितालाही नाही. त्यांनी ते सगळं केलं. एकच गोष्ट सोडली नाही: वडिलांचं नाव. योगिता नको म्हणत होती. शेवटी कडूबाईच म्हणाली, "घालू दे की. कट्ट्याच्या दगडावर घाल. नावावर बसून बी गप्पा हाणता येत्यात."

उन्हाळ्यात काम झालं. योगिता सुट्टी काढून पुण्याहून ये-जा करत होती. वस्तीनं चर खोदला, गावठाणानं दगड दिला. तोंडाशी करंज आणि लिंब लावले. वरच्या फटीवर पारदर्शक पत्रा बसवला. भिंतींना चुना दिला तेव्हा बोगदा असा उजळला की पहिल्या दिवशी लोक नुसते आरपार चालून बघत होते. चूकही झाली. कट्टा बांधून झाला आणि छबुबाईला हौसेनं बसवायला नेलं, तर तिचा सळईचा पाय वर चढेना. बायांनी दोन्हीकडून उचलून बसवलं. ती ओशाळली. योगिताचा चेहरा उतरला. मापं तिनंच दिली होती. "माझं चुकलं," ती म्हणाली आणि गवंड्याला थांबवून कट्ट्याचा एक भाग फोडायला लावला. तिथं बुटकी पायरी आणि बसकं आसन झालं. गंमत अशी की पुढं लहान पोरं, म्हातारी माणसं आणि पोटुश्या बाया तिथंच बसायला बघू लागल्या.

मृगाचा पाऊस लागला आणि ओळीनं तीन दिवस कोसळला. कडूबाई इरलं पांघरून चराच्या कडेला उभी होती. वरच्या शिवारातलं लाल पाणी धावत आलं, चराशी अडखळलं, वळलं आणि ओढ्याकडं निघून गेलं. बोगद्यात अगदीच आलं नाही असं नाही. ढोरांच्या वाटेवर थोडं साचलं. पण कट्टा कोरडा होता आणि नाथाचा स्टोव्ह सुरू होता.

त्याच पावसात सटवा मेंढरं घेऊन परतला. सवयीनं तो भरावाच्या कडेकडेनं लांबचा वळसा घ्यायला निघाला होता. लेकानं त्याला बोगद्याकडं वळवलं. मेंढरं खालच्या वाटेनं ओळीत शिरली, त्यांच्या घुंगरांचा आवाज भिंतींना आपटून दुप्पट झाला आणि सटवा मध्यावर येऊन थबकला. कट्ट्यावर गावठाणाची माणसं बसली होती, आप्पाराव होते, आणि त्याच कट्ट्याच्या दुसऱ्या अंगाला त्याची बायको, मांडी घालून, चहाची बशी तोंडाला लावत होती. सटवाचा हात आपसूक मुंडाशाकडं गेला. कुणाला रामराम घालावा, ते त्याला कळेना.

"भिजलाव की," कडूबाई म्हणाली. "बसा. मेंढरं जात्यात पुढं."

आप्पारावांनी थोडं सरकून जागा केली. सटवा बसला, पण अगदी कडेला, उठायच्या बेतानं. नाथानं चहा दिला. अर्धा चहा झाल्यावर तो जरा मागं सरकला आणि त्यानं भिंतीला पाठ टेकली.

आता मंगळवारी तिथं भाजीचा बाजार भरतो. शहादेव त्याच बाजारात गवार आणि मिरच्या विकतो, आणि कडूबाईला भाव जास्त लावायची त्याची अजून छाती होत नाही. कधीमधी संध्याकाळी बाटली घेऊन कुणी येतंही. पण कट्ट्यावर बाया असतात, पोरं असतात, उजेड असतो, तेव्हा बसणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. बोगद्यात राखण लागत नाही.

गेल्या वर्षी योगितानं पुण्याची नोकरी सोडली आणि ती कड्याला येऊन राहिली. जवळच्या एका गावात बाजारतळाचं काम तिला मिळालं. तिनं कडूबाईला फोन केला. "मावशी, एकदा येऊन बघाल का?"

कडूबाई एसटीनं गेली, भाकरी बांधून घेऊन. बाजारतळ म्हणजे नुसतं सपाट, उघडं मैदान होतं. गावचे कारभारी जमले होते, कुणी छत्री धरत होतं, कुणी खुर्ची आणत होतं. तिनं खुर्ची घेतली नाही. मैदानाला एक फेरी मारली, एका जागी थांबून टाचेनं माती उकरली, आणि कारभाऱ्यांना विचारलं, "बाजारच्या दिशी बाया हितं दिसभर असत्यात. त्या लेकरू पाजायला कुठं बसत्यात?"

 एक कारभारी म्हणाला, "बसत असत्याल की कुठंतरी."

"मग आज बाजार न्हाई, तर माझ्यासंगं चला," कडूबाई म्हणाली, "आन् दावा मला ते कुठंतरी कुठं हाय."

योगितानं पिशवीतून मोजपट्टी काढली आणि सगळे उन्हातून कडूबाईच्या मागं निघाले.